व्हीकेसी असलेला नऊ वर्षांचा मुलगा: मास्ट पेशी स्थिर ठेवणारे थेंब कधी आणि कसे वापरायचे

हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. व्हीकेसी, म्हणजे व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, हा मुलांच्या डोळ्यांचा अ‍ॅलर्जीचा तीव्र आजार. मास्ट पेशी म्हणजे अ‍ॅलर्जीत हिस्टामिन हे खाज आणणारं द्रव्य सोडणाऱ्या पेशी. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीच्या बाह्यरुग्ण विभागात ज्या घटना पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या एका मुलाच्या उपचारक्रमात गुंफल्या आहेत. मास्ट पेशी स्थिर ठेवणाऱ्या थेंबांवर 'उपयोग नाही' असा शिक्का बसतो तेव्हा बहुतेक वेळा औषधाची निवड ठीक असते. गडबड सुरू करण्याच्या वेळेत, किती वेळा टाकले यात किंवा कसे टाकले यात असते. या मुलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बिघडल्या होत्या.

तक्रार आणि आधीचे उपचार

मुलगा ९ वर्षांचा. दोन्ही डोळ्यांना भयंकर खाज, उजेडात डोळे उघडवत नाहीत, सकाळी पापण्यांच्या आत चिकट पांढरा स्राव. बोटाने ओढला तर तो दोऱ्यासारखा लांबतो. सलग तिसरं वर्ष; हवा तापू लागली की त्रास सुरू होतो, गारवा आला की उतरतो. सोबत शिंका आणि नाक गळणं. लहानपणी सर्दीबरोबर छातीत घरघर व्हायची आणि दोनदा इनहेलर लागला होता. ही शेवटची माहिती कोणी आपणहून सांगितली नव्हती, विचारल्यावर निघाली. पुढे औषध निवडताना ती निर्णायक ठरली.

मागच्या हंगामात मास्ट पेशी स्थिर ठेवणाऱ्या २ टक्के सोडियम क्रोमोग्लिकेटचे थेंब दिवसातून ४ वेळा लिहून दिले होते. आईचं म्हणणं, "चार दिवस टाकले डॉक्टर, काडीचा फरक पडला नाही." त्यानंतर खाज सुटली की एक थेंब, एवढाच वापर राहिला. १० मिलिलिटरची ती बाटली दीड महिन्यानंतर अर्धी शिल्लक होती. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर अशा बाटलीत २०० थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून ४ वेळा म्हणजे रोज ८, म्हणजे २५ दिवसांत बाटली संपायला हवी. ४५ दिवसांत ३६० थेंब लागले असते, वापरले गेले १०० च्या आसपास. शिवाय उघडल्यापासून ४ आठवड्यांनी बाटली टाकून द्यायची असते, तीही वापरात होती. 'नियमित टाकता का' या प्रश्नाला घरचे नेहमी 'हो'च म्हणतात. बाटली समोर ठेवून हिशेब केला तर कोणाला दोष न देता खरी गोष्ट कळते.

क्रोमोग्लिकेट 'फेल' ठरल्यावर ०.१ टक्के डेक्सामेथासोनचे स्टिरॉइड थेंब मिळाले. दोन दिवसांत आराम पडला. ते ३ आठवड्यांसाठी होते, पण जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा घेतले गेले: मागच्या हंगामाचे शेवटचे दोन महिने आणि या हंगामाचे तीन महिने. डोळ्याचा दाब या काळात एकदाही मोजला गेला नव्हता.

तपासणी

दृष्टी दोन्ही डोळ्यांत ६/९. वरच्या पापण्या उलटून पाहिल्यावर निदान समोरच होतं: १ मिलिमीटरहून मोठे, चपट्या माथ्याचे, एकमेकांना खेटून बसलेले उंचवटे, त्यांच्या फटींत चिकट स्राव. कॉर्निया (डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा) आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर वरच्या बाजूला खडूसारखे पांढरे बारीक ठिपके, म्हणजे ट्रान्टास ठिपके. फ्लुरेसिन हा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं तेव्हा कॉर्नियाच्या वरच्या तृतीयांशात टाचणीच्या टोकाएवढे हिरवे डाग. व्रण नव्हता. निदान: व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, म्हणजे व्हीकेसी.

डोळ्याचा दाब उजवीकडे २८ आणि डावीकडे २६ मिमी पारा. सर्वसाधारण मर्यादा १० ते २१. डोळ्याच्या मज्जातंतूची चकती दोन्हीकडे निरोगी, भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर धूसरपणा नाही. स्टिरॉइडमुळे दाब वाढला होता, इजा अजून झाली नव्हती. मुलगा डोळे मनगटाने दाबून चोळायचा, म्हणून कॉर्नियाची टोपोग्राफीही, म्हणजे त्याच्या वक्रतेचा नकाशाही, केली. डोळे चोळणाऱ्या अ‍ॅलर्जिक मुलांमध्ये केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची) भीती असते आणि सुरुवातीला तो नुसत्या तपासणीत निसटतो. नकाशा व्यवस्थित होता.

पापणी न उलटता हे निदान हुकतं. बाहेरून पाहिलं तर साधी लालीच दिसते.

मास्ट पेशी स्थिर ठेवणारं औषध नेमकं करतं काय

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला असलेल्या पातळ अस्तरात मास्ट पेशी असतात. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपॅरिन यांनी भरलेल्या कणिका असतात. पृष्ठभागावर आयजीई ही अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं बसलेली असतात. परागकणातलं प्रथिन आलं आणि त्याने शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधलं की पेशीत कॅल्शियम शिरतं, कणिका पेशीच्या भिंतीला येऊन मिळतात आणि काही मिनिटांत आतला माल बाहेर पडतो. लगोलग पेशी प्रोस्टाग्लँडिन डी२ आणि ल्युकोट्राइन नव्याने बनवते, साइटोकाइन सोडते. ४ ते १२ तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि दुसरी लाट येते.

क्रोमोग्लिकेट, लोडॉक्सामाइड, नेडोक्रोमिल, पेमिरोलास्ट हे स्टॅबिलायझर (मास्ट पेशी स्थिर ठेवणारे) या साखळीत कणिका फुटण्याआधी आडवे येतात. क्रोमोग्लिकेटचं रेण्वीय लक्ष्य पूर्णपणे उलगडलेलं नाही. क्लोराइडच्या वाहिन्यांवर परिणाम, कॅल्शियम आत येण्याला अटकाव, जीपीआर३५ हा ग्राहक (पेशीवरचा संदेश घेणारा रेणू) अशी अनेक स्पष्टीकरणं आहेत. वापराच्या दृष्टीने महत्त्वाचं एकच: बाहेर पडलेल्या हिस्टामिनवर या औषधाचा काहीही परिणाम नाही. सुटलेली खाज त्याने थांबावी ही अपेक्षा म्हणजे सांडलेलं पाणी पुसायचं काम नळाच्या तोटीला सांगणं.

हे औषध सापडलं तेसुद्धा याच क्रमाने. अम्मी विस्नागा या वनस्पतीतल्या खेलिन या द्रव्यापासून सुरू झालेल्या शोधात १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉजर अल्टुन्यान या दमेकरी डॉक्टराने संयुगं स्वतःवर तपासली. आधी संयुग ओढायचं, नंतर ज्याची त्याला अ‍ॅलर्जी होती त्या गिनीपिगच्या केसांचा अर्क ओढायचा आणि श्वास किती अडतो ते मोजायचं. औषध आधी, अ‍ॅलर्जन नंतर. उलट क्रमाने प्रयोग केला असता तर क्रोमोग्लिकेट टाकाऊ ठरलं असतं.

रेणू पाण्यात विरघळणारा आणि विद्युतभारित असल्याने तो पेशींच्या आवरणातून फारसा पलीकडे जात नाही. डोळ्यात टाकलेल्या मात्रेपैकी जेमतेम ०.०३ टक्के रक्तात पोहोचतो, तोंडाने घेतल्यास सुमारे १ टक्का. म्हणून औषध कमालीचं सुरक्षित आहे. त्याच कारणाने त्याला सारखं टाकत राहावं लागतं: अश्रूंनी धुतलं गेलं की संरक्षण संपलं, आणि पूर्ण परिणाम दिसायला नियमित वापराचे काही दिवस ते दोन आठवडे जातात. चार दिवसांनी मोडीत काढलेल्या औषधाला संधीच मिळालेली नसते.

जाता जाता, सगळ्या मास्ट पेशी या औषधाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. फुप्फुस आणि डोळ्यातल्या पेशींवर क्रोमोग्लिकेट चालतं, त्वचेतल्या पेशींवर फारसं नाही. पित्ताच्या गांधी उठल्यावर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. आणि अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या सर्वांगीण अ‍ॅलर्जीत, तर या गटातल्या कोणत्याही औषधाला जागा नाही. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनलिन, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि तेही पहिल्या मिनिटांत.

व्हीकेसीत एकटा स्टॅबिलायझर का पुरत नाही

साध्या हंगामी अ‍ॅलर्जीत मास्ट पेशी आवरल्या की काम बरंचसं भागतं. व्हीकेसीत तसं नाही. टी पेशी आणि इओसिनोफिल यांचा जोर मोठा असतो, आणि बऱ्याच मुलांमध्ये अ‍ॅलर्जीच्या त्वचाचाचण्या निगेटिव्ह येतात. कॉर्नियावरचे ते हिरवे डाग इओसिनोफिलमधून बाहेर पडणाऱ्या विषारी प्रथिनांनी पृष्ठभाग सोलल्याने येतात. म्हणजे पेटलेल्या अवस्थेत मास्ट पेशी कितीही शांत केल्या तरी आधीच जमलेली फौज तशीच राहते. ती हटवायला स्टिरॉइड लागतंच. स्टॅबिलायझर पुढची भरती थांबवतो.

इथेच गुंता होता. ज्या स्टिरॉइडने दाब वाढला ते बंद करायचं, पण अचानक बंद केलं तर दाह उसळणार. आणि स्टॅबिलायझर पूर्ण कामाला लागेपर्यंतचे दोन आठवडे भरून काढणारं काहीतरी हवं.

योजना

डेक्सामेथासोन बंद. त्याच्या जागी ०.१ टक्के फ्लुओरोमेथोलोन हे स्टिरॉइड, जे डोळ्याच्या आत कमी शिरतं आणि दाब तुलनेने कमी चढवतं: पहिले ७ दिवस ४ वेळा, पुढचे ७ दिवस ३ वेळा, मग ७ दिवस २ वेळा, मग ७ दिवस १ वेळ आणि बंद. एकूण २८ दिवस, त्यापुढे दाब मोजल्याशिवाय एक थेंबही नाही. हे औषध निलंबन स्वरूपात असतं, म्हणजे कण तळाशी बसतात. बाटली न हलवता वापरली तर सुरुवातीचे थेंब फिके आणि शेवटचे कडक पडतात, आणि मात्रा उतरवण्याचा सगळा हिशेब बिघडतो.

दाब उतरवण्यासाठी टिमोलॉल हा सहज हाताशी येणारा, बीटा-ब्लॉकर गटातला पर्याय टाळला. लहानपणीच्या घरघरीचा इतिहास असलेल्या मुलाला बीटा-ब्लॉकरचा थेंबही श्वासनलिका आवळू शकतो. तो नाकाच्या नळीतून थेट रक्तात जातो आणि यकृतात गाळला जात नाही. प्रोस्टाग्लँडिन गटातले थेंब दाह असलेल्या डोळ्यात नको वाटले. ब्रिमोनिडिनने मुलांना सुस्ती येते आणि त्याची स्वतःची अ‍ॅलर्जीही प्रसिद्ध आहे. म्हणून २ टक्के डोर्झोलामाइड, दिवसातून ३ वेळा.

स्टॅबिलायझर कोणता, यावर थोडा विचार झाला. क्रोमोग्लिकेट परत सुरू करता आलं असतं. औषध चांगलंच आहे. पण दिवसातून ४ वेळा म्हणजे एक मात्रा शाळेत, आणि नऊ वर्षांचं मूल वर्गात स्वतःहून थेंब टाकेल यावर योजना बांधू नये. लोडॉक्सामाइड ०.१ टक्के व्हीकेसीसाठी उत्तम, पण तेही ४ वेळा. ओलोपाटाडिन ०.१ टक्के दिवसातून २ वेळा चालतं आणि मास्ट पेशी स्थिर ठेवण्याबरोबर हिस्टामिनचा एच१ ग्राहकही अडवतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी खाज काही मिनिटांत उतरलेली दिसते. ही झटपट सुटका वैद्यकीयदृष्ट्या दुय्यम असली तरी तिच्यामुळे घरचे औषध सोडून देत नाहीत, आणि या कुटुंबाला मागच्या वेळी नेमकं तेच हवं होतं. सकाळी शाळेआधी एक, संध्याकाळी एक. ५ मिलिलिटरची बाटली, १०० थेंब, रोज ४: २५ दिवसांत संपेल. बाटलीवर उघडण्याची तारीख पेनाने लिहायला सांगितली.

नाकासाठी सहसा स्टिरॉइड स्प्रे देतात आणि तो क्रोमोग्लिकेटपेक्षा जास्त जोरकस असतो. पण स्टिरॉइडला ज्या डोळ्याचा दाब उसळतो त्या मुलात एकूण स्टिरॉइड जितकं कमी तितकं बरं. म्हणून क्रोमोग्लिकेटचा नाकातला स्प्रे, फवाऱ्यामागे ५.२ मिलिग्रॅम, प्रत्येक नाकपुडीत एक, सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना.

औषध न लागणाऱ्या गोष्टींत एकावर भर दिला: चोळायचं नाही. चोळण्याने होणारा नुसता यांत्रिक दाबही मास्ट पेशी फोडतो, त्यामुळे खाज वाढते, मूल आणखी चोळतं. खाज आली की स्वच्छ कापडात गुंडाळलेली थंड पट्टी ५ मिनिटं आणि हातांना दुसरं काही काम.

थेंब कसा टाकायचा

घरी थेंब टाकणं जितकं सोपं समजतात तितकं नसतं. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटर असतो. डोळ्यात नेहमी ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात आणि क्षणभर जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे एकच थेंब पुरून उरतो, दुसरा फक्त गालावर जातो. खालची पापणी बोटाने खेचून खळगा करायचा, बाटलीचं टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू द्यायचं नाही, एक थेंब खळग्यात. मग डोळा हळुवार मिटायचा, आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने १ ते २ मिनिटं दाब. मूल धडपडत असेल तर आडवं झोपवावं, डोळे मिटलेलेच ठेवून आतल्या कोपऱ्यात थेंब टाकावा, मग डोळा उघडायला सांगावा. थेंब आपोआप आत ओघळतो.

सर्वांत दुर्लक्षित नियम दोन वेगळ्या थेंबांमधल्या अंतराचा. किमान ५ मिनिटं, जमलं तर १०. आधी साधं द्रावण, शेवटी निलंबन.

तिसऱ्या आठवड्यातला घोळ

दोन आठवड्यांनी चित्र चांगलं होतं. खाज निम्म्याहून खाली, ट्रान्टास ठिपके गायब, दाब २३ आणि २२. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, फ्लुओरोमेथोलोन दिवसाला २ वेळांवर आलेलं असताना, फोन आला: पुन्हा खाज, डोळे लाल, आता स्टिरॉइड वाढवायचं का?

वाढवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती, कारण मात्रा उतरवताना दाह परतणं ओळखीचं आहे. पण आधी डोळे पाहिले. मुलाला स्वतंत्रपणे विचारलं तर तो म्हणाला, खाज तेवढी नाही, थेंब टाकल्यावर चुरचुरतं आणि वाळू गेल्यासारखं वाटतं. पापणी उलटल्यावर उंचवटे पूर्वीपेक्षा चपटे, स्राव पातळ. फ्लुरेसिनमध्ये कॉर्नियाचा वरचा भाग स्वच्छ झालेला होता, तर खालच्या अर्ध्या भागात नवे बारीक डाग.

निदान जागेवरून ठरलं. व्हीकेसीचे डाग वर येतात, कारण त्यावर खडबडीत वरची पापणी घासते आणि तिथलाच विषारी स्राव पडतो. खाली पडलेले डाग औषधाच्या विषबाधेकडे बोट दाखवतात, कारण थेंब खालच्या कडेला साचतो. तिन्ही बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक होतं. सुरुवातीला एका डोळ्यात रोज ४, ३ आणि २ असे एकूण ९ थेंब जात होते. कॉर्नियाचा पृष्ठभाग आधीच सोललेला, त्यात दिवसभर साबणासारखा गुण असलेलं हे द्रव्य.

घरी थेंब कसे टाकतात ते करून दाखवायला सांगितल्यावर दुसरी गोष्ट कळली. सकाळी शाळेच्या घाईत तिन्ही बाटल्या एका मिनिटात उरकल्या जात. सर्वांत आधी ओलोपाटाडिन, पाठोपाठ बाकीचे दोन. पहिला थेंब मुरण्याआधीच धुतला जात होता. म्हणजे कागदावर स्टॅबिलायझर २१ दिवस चालू होता, प्रत्यक्षात सकाळची मात्रा बहुतेक रोज गालावर गेली होती.

बदल असे केले. फ्लुओरोमेथोलोन ठरल्याप्रमाणे उतरवत नेलं, वाढवलं नाही. डोर्झोलामाइड परिरक्षकविरहित, एकदाच वापरायच्या छोट्या नळीत. ओलोपाटाडिनच्या जागी परिरक्षकविरहित ०.०२५ टक्के केटोटिफेन, दिवसातून २ वेळा, सुमारे १२ तासांच्या अंतराने. त्याचाही दुहेरी गुण आहे: मास्ट पेशी स्थिर ठेवतं आणि एच१ ग्राहक अडवतं. उघडलेली नळी त्या वेळेपुरतीच, उरलेलं औषध फेकायचं. इथे घरी काटकसर म्हणून नळी रात्रीसाठी झाकून ठेवण्याचा मोह होतो. परिरक्षक नाही म्हणजे त्यात जंतू वाढायला अटकाव नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं. सकाळच्या वेळापत्रकात केटोटिफेन उठल्या उठल्या, डोर्झोलामाइड दात घासून झाल्यावर, स्टिरॉइड दप्तर भरताना. घड्याळ लावण्यापेक्षा रोजच्या कामांना थेंब जोडले की अंतर आपोआप पडतं.

केटोटिफेनच्या गोळ्या किंवा सिरप दिलं असतं तर झोप आणि भूक वाढण्याची अडचण आली असती. डोळ्याच्या थेंबांत ती सहसा जाणवत नाही. मूल चष्मा वापरत होतं, लेन्स नव्हे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स असती तर परिरक्षक असलेला थेंब टाकल्यावर किमान १० ते १५ मिनिटं लेन्स घालू नये असं सांगावं लागलं असतं, कारण लेन्स ते द्रव्य शोषून धरते. आणि व्हीकेसी जोरात असताना लेन्स वापरूच नये.

पुढचे आठवडे

सहाव्या आठवड्यात खालचे डाग नाहीसे, दाब १७ आणि १६. डोर्झोलामाइड थांबवलं. दहाव्या आठवड्यात त्याशिवाय १६ आणि १६, म्हणजे स्टिरॉइडमुळे झालेली वाढ उलटली होती. बहुतेकांमध्ये ती स्टिरॉइड बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरते, पण सर्वांत नाही, म्हणून १६ आकडा दिसला तरी तीन महिन्यांची तपासणी कायम ठेवली. चकती तशीच. केटोटिफेन हंगाम संपल्यावर आणखी २ आठवडे चालू ठेवून थांबवलं.

घरच्यांना दोन धोक्याच्या खुणा लिहून दिल्या: डोळा अचानक उघडेनासा होणं किंवा कॉर्नियावर पांढरा डाग दिसणं. खाजेपेक्षा वेदना जास्त झाली तर कॉर्नियावर ढालीच्या आकाराचा व्रण असू शकतो आणि तो त्याच दिवशी पाहायला हवा. अशा वेळी घरातली जुनी स्टिरॉइडची बाटली हात लावण्यासारखी नसते, म्हणून ती आधीच टाकून द्यायला सांगितलं.

पुढचा हंगाम

मागच्या तीन वर्षांतले पहिले त्रासाचे दिवस आईने आठवून सांगितले, ते एकाच पंधरवड्यात पडत होते. त्याच्या ३ आठवडे आधी, डोळे पूर्ण पांढरे असताना, परिरक्षकविरहित केटोटिफेन सुरू झालं. हा सर्वांत अवघड भाग होता. काहीच दुखत नसताना मुलाला रोज दोनदा थेंब टाकायला कोण तयार होणार? क्रोमोग्लिकेटच्या वेळी घडलेला ४५ दिवसांचा हिशेब तेव्हा पुन्हा समोर ठेवला, आणि नळ्यांचा डबा किती रिकामा झाला ते दर महिन्याला मोजायचं ठरलं. महिन्याला दोन्ही डोळ्यांसाठी ६० नळ्या, एका नळीत दोन्ही डोळ्यांचं भागतं.

हंगाम सुरू झाल्यावर सौम्य खाज आली, उजेडाचा त्रास नाही. पाचव्या आठवड्यात वाऱ्याच्या दिवसांत एकदा उसळी आली: ट्रान्टास ठिपके परत, वरच्या भागात थोडे डाग. तेव्हा फ्लुओरोमेथोलोन दिवसातून ३ वेळा, ५ दिवस, आणि बंद. १४ व्या दिवशी दाब १८ आणि १७. स्टॅबिलायझर मध्येच थांबवलं नाही. स्टिरॉइड चालू असतानाही ते सुरूच ठेवायचं असतं, कारण स्टिरॉइड संपेल त्या दिवशी संरक्षण आधीपासून हवं.

एका हंगामात असे स्टिरॉइडचे छोटे फेरे दोनपेक्षा जास्त लागले असते तर पुढची पायरी ०.१ टक्के सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा ०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम होती. दोन्ही झोंबतात आणि दोन्हींना काही आठवडे लागतात, म्हणून तीही आधीच सुरू करायची औषधं आहेत. इथे गरज पडली नाही. नाकाला मात्र क्रोमोग्लिकेटचा स्प्रे कमी पडला. दुपारची फवारणी बहुतेक वेळा राहून जायची. झोपेचा त्रास झाला त्या रात्री झापड न आणणारी अँटिहिस्टामिन गोळी दिली. तोंडी अँटिहिस्टामिन डोळे कोरडे करू शकते, म्हणून ती रोजची केली नाही.

सध्याची चिठ्ठी अशी आहे: केटोटिफेन ०.०२५ टक्के, परिरक्षकविरहित, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ, अपेक्षित हंगामाच्या ३ आठवडे आधीपासून हंगाम संपल्यानंतर २ आठवड्यांपर्यंत. फ्लुओरोमेथोलोन घरी ठेवायचं नाही, उसळी आली तर तपासणीनंतरच. दाब हंगामात महिन्यातून एकदा, एरवी ३ महिन्यांनी. कॉर्नियाची टोपोग्राफी ६ महिन्यांनी. बहुतेक मुलांमध्ये वयात येताना व्हीकेसी विझत जातं, तोवर दरवर्षी केटोटिफेन सुरू करण्याची तारीख हंगाम संपतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवायची.